मूठभर मटकी आणि चौरंग: कापणीच्या सणात मुलांना उपकारस्तुती शिकवण्याचे एक प्रकरण

हे प्रकरण कोणत्याही एका ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे चर्चच्या समुदायाचे, नाही. अहिल्यानगर, जालना, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यातल्या मराठी मंडळ्यांत कापणीच्या सणाला जे पुन्हापुन्हा दिसते, ते तालुक्याच्या गावातल्या एका मंडळीत घडले असे धरून इथे एकत्र बांधले आहे. आकडेही त्या मांडणीतलेच आहेत. आपापल्या मंडळीचे नियोजन करताना हाताशी काहीतरी मोजमाप असावे, एवढ्यासाठी ते दिले आहेत.

मंडळी अशी. रविवारी शंभर-सव्वाशे माणूस जमतो. संडे स्कूलमध्ये २६ मुले: शिशुवर्गात (४ ते ६ वर्षे) ८, मधल्या वर्गात (७ ते १०) ११, मोठ्या वर्गात (११ ते १४) ७. शिकवायला तीन ताई आणि एक दादा. निम्म्या घरांत थोडीफार शेती, बाकीच्यांची नोकरी, दुकान किंवा रोजंदारी. कापणीचा सण नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे खरिपाची बाजरी, मूग, मटकी घरात आल्यावर. कुणी त्याला हंगामाचा सण म्हणते, कुणी सरळ हार्वेस्ट म्हणते.

मागच्या वर्षी काय झाले

मुलांचा कार्यक्रम बसवला होता. स्तोत्र १०० पाठ, एक कृतिगीत, आणि शेवटी प्रत्येकाने माइकवर येऊन एक वाक्य म्हणायचे: 'देवा, मी तुझे आभार मानतो, कारण...' २६ मुलांपैकी बहुतेकांचे वाक्य एकच निघाले: आईबाबांसाठी, घरासाठी, अन्नासाठी. पहिल्या चार मुलांनी जे म्हटले तेच पुढच्यांनी उचलले. शिशुवर्गातल्या दोघांना ताईंनी कानात वाक्य सांगितले. एका मुलाच्या घरचा कांदा परतीच्या पावसात कुजून गेला होता. त्याला कागदावर लिहून दिलेले वाक्य होते, 'चांगल्या पिकासाठी तुझे आभार मानतो.' त्याने ते म्हटले आणि तो जागेवर जाऊन बसला. मंडळीने सगळ्यांसारख्याच त्याच्यासाठीही टाळ्या वाजवल्या.

मग अर्पणे आली. बहुतेक घरांनी सकाळी बाजारातून आणलेली फळे, भोपळा, केक. पाठोपाठ, उपासनेतच, लिलाव. एक मोठा तांबडा भोपळा ₹१,१०० ला गेला आणि चर्चमध्ये एकच आरोळी उठली. मधल्या वर्गातल्या एका मुलीने वर्तमानपत्राच्या पुडीत मूठभर मटकी आणली होती. आजीबरोबर शेंगा चोळून तिने स्वतः काढलेली. पुडी वाटेत सुटली. सांडलेली मटकी कुणीतरी गोळा करून दुसऱ्याच पोत्यात टाकली, आणि ते पोते एका बोलीत निघून गेले. उपासना संपल्यावर तिने ताईंना विचारले, 'माझं देवापाशी पोचलं का?'

त्या रविवारी काय चुकले हे शोधायचे तर याच प्रश्नापासून सुरुवात करावी लागते. मुलीला अर्पणाचा अर्थ मोठ्यांपेक्षा नीट कळला होता. तिने आणलेली वस्तू तिच्या हातची होती, ती तिला देवापुढे ठेवायची होती. उपासनेच्या मांडणीतच त्याला जागा नव्हती.

'उपकार' हा शब्द मुलांच्या कानावर कसा पडतो

मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, आभाराला दोन मोठे शब्द आहेत: उपकारस्तुती आणि उपकारस्मरण. स्तोत्र १०७ आणि १३६ यांची सुरुवातच 'परमेश्वराचे उपकारस्मरण करा' अशी होते. इथे अनुवादकांनी फार मोलाचे काम करून ठेवले आहे. मूळ इब्री क्रियापदात 'कबूल करणे, उघड सांगणे' हा भाव आहे, आणि मराठी शब्दाने त्यात क्रम दाखवून दिला: आधी स्मरण, मग स्तुती. स्मरण वगळून स्तुतीकडे उडी मारली की २६ मुलांची वाक्ये एकसारखी होणारच. आठवायला वेळ दिलेला नसतो, तेव्हा तोंडात येते ते पाठ केलेलेच.

दुसरी अडचण घरातली आहे. रोजच्या बोलण्यात 'उपकार' हा शब्द मूल बहुतेक भांडणात ऐकते. 'माझ्यावर उपकार करतोस का?' 'किती उपकार केलेत तुझ्यावर, जाण आहे का?' त्याच्या कानात उपकार म्हणजे ओझे, आणि ओझे म्हटले की ते फेडायचे असते. त्यामुळे उपकारस्तुती म्हणजे देवाचा हप्ता, असे समीकरण नकळत तयार होते: आपण नीट आभार मानले नाहीत तर पुढचे मिळणार नाही. शिक्षकाने हे पहिल्याच दिवशी उघडपणे सोडवले पाहिजे. 'फेडणे' हा शब्द वर्गात वापरायचा नाही. 'जाण' वापरायचा, पण रागातला नव्हे. कुणी आपल्यासाठी काय केले हे आपल्याला ठाऊक असणे म्हणजे जाण. मधल्या वर्गाला हे दोन मिनिटांत कळते. खेड्यातल्या घरात भाकरी वाढली म्हणून आईला कुणी 'धन्यवाद' म्हणत नाही, आणि त्यात काही उणे नाही. जाण ताट स्वच्छ करण्यात असते, आईची घागर उचलण्यात असते. तोंडाच्या शब्दापेक्षा ही कृती मुलाच्या जास्त ओळखीची आहे, म्हणून शिकवण्याची सुरुवात तिथूनच करावी.

चार रविवारांची तयारी

या वर्षी कार्यक्रम बसवायचा नाही, उपासनेत मुलांचा खरा वाटा ठेवायचा, असे ठरले. ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारपासून ४० मिनिटांचे चार तास मिळाले.

पहिला तास भाकरीचा. साहित्य: बाजरीचे एक कणीस, परातीत पाव किलो बाजरी, वाटीभर पीठ, सकाळी भाजलेल्या दोन भाकऱ्या. मुले गोल बसतात. भाकरी मध्ये ठेवायची आणि उलटे जायचे. ही कुठून आली? पिठापासून. पीठ? गिरणीतून. गिरणीत काय नेले, कुणी नेले, पट्टा कुणी चढवला? दाणे कुठून आले? खळ्यावरून. खुडणी कुणी केली, कणसे कुणी वाहिली? प्रत्येक पायरीला ती वस्तू एका मुलाच्या हातात जाते आणि ते मूल त्या माणसाचे काम सांगते. शेवटी उरतो हातातला एक दाणा, आणि प्रश्न: याच्या आत कोंब कुणी ठेवला? पौलाने करिंथकरांना लिहिले तसे, एकाने लावले, दुसऱ्याने पाणी घातले, वाढ देवाने दिली. त्यानंतर भाकरी मोडून सगळ्यांनी खायची.

या तासात शिक्षकांची ठरलेली चूक म्हणजे घाई. 'भाकरी कुणी दिली?' 'देवाने!' असे झाले की दोन मिनिटांत धडा संपतो. गिरणीवाला आणि खुडणीला आलेल्या बायका गाळून मूल थेट देवाकडे पोचते, आणि मग देवाचे देणे हवेत तरंगत राहते. माणसांचे आभार मानल्याने देवाचे आभार कमी होत नाहीत. देव माणसांच्या हातांनी देतो, हेच तर दाखवायचे आहे. शहरातल्या वर्गात कणीस मिळत नसेल तर दुधाची पिशवी किंवा नळाचे पाणी घ्यावे. साखळी तितकीच लांब निघते.

शिशुवर्गाला ४० मिनिटे झेपत नाहीत. त्यांच्यासाठी १२ मिनिटांचा भाग पुरतो: एका टोपलीत आठ वस्तू, डोळे मिटून हाताने ओळखायच्या, आणि प्रत्येक ओळखलेल्या वस्तूनंतर सगळ्यांनी मिळून एक ओळ म्हणायची.

ती ओळ म्हणजे स्तोत्र १३६ चे पालुपद, 'त्याची दया सनातन आहे.' या स्तोत्राची २६ वचने आहेत आणि प्रत्येक वचनाच्या शेवटी हीच ओळ येते. इस्राएल लोकांच्या उपासनेत एकाने पुढची अर्धी ओळ म्हणायची आणि लोकांनी पालुपद धरायचे, अशीच याची घडण आहे. भजनात वाढलेल्या मराठी मुलाला हे शिकवावे लागत नाही. कवी ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढे त्यांनी अभंग-भजनाची चाल मराठी उपासनेत रुजवली. त्यामुळे टाळ धरून पालुपद म्हणणे इथल्या चर्चमध्ये परके नाही. 'सनातन' शब्द मात्र मुलांना परका आहे. 'कधीच न संपणारी' एवढा अर्थ सांगावा आणि शब्द तोच ठेवावा. वाढदिवसाच्या मेणबत्तीपेक्षा, आजीच्या वयापेक्षा, गावच्या जुन्या वडापेक्षाही लांब, असे एका ताईंनी सांगितले तेव्हा शिशुवर्गाला तो समजला.

मधल्या वर्गाने याच पालुपदावर स्वतःच्या अर्ध्या ओळी रचल्या. इथे एक नियम फार कामी आला: 'सगळे', 'छान', 'चांगले' हे तीन शब्द वापरायचे नाहीत. मग ओळी अशा आल्या: 'पहाटे नळाला पाणी आलं.' 'मामाने शेळी राखायला शिकवली.' 'दवाखान्यातून आजी चालत घरी आली.' शब्द काढून घेतले की मुलाला प्रसंग आठवावाच लागतो.

दुसऱ्या तासाला लूकच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी: येशूमुळे दहाही बरे झाले, आभार मानायला एकच परतला. ही गोष्ट बहुतेक ठिकाणी शिष्टाचाराचा धडा म्हणून सांगितली जाते: नऊ वाईट, एक चांगला, म्हणून थँक्यू म्हणत जा. मजकूर नीट वाचला तर नऊ जणांनी प्रभूचे ऐकलेच होते. 'जाऊन स्वतःस याजकांना दाखवा' ही त्याची आज्ञा होती आणि ते त्या वाटेवरच होते. दहाव्याने वेगळे केले ते क्रमाने असे: आपण बरे झालो हे त्याने पाहिले, तो मागे फिरला, मोठ्याने देवाचा गौरव केला, पाया पडला, उपकार मानले. आणि तो शोमरोनी होता, म्हणजे जवळचा न मानला जाणारा. मुलांकडून हे करून घेताना पाहणे आणि मागे फिरणे या दोन क्रियांवर वेळ घालवावा. दहा मुले चालत जातात, एक थांबते, स्वतःचे हात उलटेपालटे करून बघते. ते बघणे जितके सावकाश, तितके पुढचे खरे. नऊ मुलांना रागे भरणारा संवाद देऊ नये. शिक्षा म्हणून नऊमध्ये बसवलेली मुले पुढचा सगळा तास तेच लक्षात ठेवतात.

याच तासाच्या उत्तरार्धात कांदा गेलेल्या घराचा प्रश्न मोठ्या वर्गापुढे ठेवला, कुणाचे नाव न घेता. ज्याच्या घरी यंदा काहीच आले नाही त्याने काय म्हणायचे? थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' असे आहे. 'स्थितीत' आणि 'स्थितीबद्दल' यांत फरक आहे, आणि चौदा वर्षांच्या मुलाला तो चांगला कळतो. कांदा कुजला याबद्दल आभार मानायला कुणी सांगत नाही. कांदा कुजलेल्या घरातही देव आहे, म्हणून तोंड त्याच्याकडेच वळवायचे. इफिसकरांच्या पत्रात 'सर्व गोष्टींबद्दल' असेही शब्द आहेत, पण ते नुकसान झालेल्या मुलाच्या अंगावर फेकायचे वचन नव्हे. त्याच्यासाठी हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा शेवट आहे: अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, गोठ्यात गुरे नाहीत, 'तरी मी परमेश्वराच्या ठायी' आनंद करीन. स्तोत्र १३ सहाच वचनांचे आहे. सुरुवात 'किती वेळ?' या प्रश्नाने आणि शेवट गाण्याने. मुलांना दोन्ही म्हणू द्यावे. जो मुलगा मागच्या वर्षी दिलेले वाक्य म्हणून बसला होता, त्याला या वर्षी वाक्य दिलेले नव्हते.

काय आणायचे, कशात आणायचे

तिसरा तास पूर्ण व्यवहाराचा. घरी चिठ्ठी गेली आणि तीत तीनच गोष्टी होत्या. वस्तू सकाळी दुकानातून आणलेली नसावी. मुलाच्या हाताने तिच्यात काहीतरी झालेले असावे: निवडले, खुडले, चोळले, धुतले, राखले. आणि ती एका वाटीपेक्षा जास्त नसावी. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची ठरली. वाटीची मर्यादा आली की पाच एकरवाला आणि रोजंदारीवाला एकाच मापावर येतात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या घरातून आजीबरोबर निवडलेली वाटीभर तूरडाळ आली, दुसऱ्या घरातून कुंडीतल्या पुदिन्याच्या चार काड्या.

वर्तमानपत्राची पुडी सुटते हे मागच्या वर्षी दिसलेच होते. म्हणून जुन्या सुती कापडाच्या साधारण १० बाय १५ सेंटिमीटरच्या थैल्या शिवल्या, तोंडाला नाडी. एका वाटीला त्या बरोबर पुरतात. पालेभाजीची जुडी ओल्या फडक्यात गुंडाळावी, नाहीतर ११ वाजेपर्यंत मान टाकते. अंडे आणायचे असेल तर वाटीभर बाजरीत पुरून आणावे. गूळ शक्यतो नको, अर्पणाच्या कापडावर मुंग्या लागतात. थैलीवर मुलाचे नाव लिहायचे नाही, वस्तूचे लिहायचे. नाव लिहिले की कुणाची थैली किती भरली हे बघणे सुरू होते.

मोठ्या वर्गातल्या मुलांना भाजी हातात घेऊन मंडळीपुढून चालायची लाज वाटते. हा पेच येणार हे आधीच धरून चालावे. त्यांना सहा वेताच्या टोपल्या दिल्या. लहानांच्या थैल्या गोळा करून टोपलीत लावायचे आणि टोपली पुढे ठेवायचे काम त्यांचे. काम मिळाले की लाज जाते.

पैशाच्या अर्पणाबद्दल थोडेसे. अर्पणाची थैली फिरते तेव्हा वडील मुलाच्या हातात दहाची नोट कोंबतात आणि मूल ती पुढे टाकते. यात मूल फक्त टपालवाला होते. घरी एक डबी ठेवून खाऊच्या पैशातला वाटा आठवडाभर तिच्यात टाकू द्यावा, मग रक्कम दोन रुपये असली तरी चालेल.

चौरंग

चौथा तास चर्चमध्ये झाला आणि सगळ्यांत मोठी चूक तिथेच सापडली. प्रभुभोजनाचे, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीचे, मेज ७५ ते ८० सेंटिमीटर उंच असते. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या ते छातीच्या वर येते. पहिल्या सरावात शिशुवर्गातली मुले मेजापाशी आली, थांबली, हात वर केले आणि प्रत्येक वेळी शेजारच्या मोठ्या माणसाने थैली हातातून घेऊन मेजावर ठेवली. मुलाने दिले ते माणसाला. देवापुढे ठेवण्याची क्रिया मोठ्याने केली. मागच्या वर्षीच्या त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या उंचीत होते.

उपाय घरातला निघाला. मेजाच्या पुढे, मधोमध, एक लाकडी चौरंग. उंची साधारण एक वीत, वर पांढरे कापड. आता ठेवायचे तर मुलाला गुडघे टेकावे लागतात. वाकणे, ठेवणे, हात रिकामे होणे, उठणे. कुणी शिकवले नव्हते, पण सरावात बऱ्याच मुलांनी ठेवल्यावर थैलीवर क्षणभर हात तसाच ठेवला. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात प्रथमपिकाची टोपली घेऊन येणाऱ्याचे वर्णन आहे: टोपली वेदीपुढे ठेवली जाते, तो माणूस आपल्या पूर्वजांची कहाणी देवापुढे बोलून दाखवतो, आणि मग घरच्यांबरोबर, लेव्याबरोबर (मंदिरसेवा करणाऱ्या वंशातल्या माणसाबरोबर) आणि उपऱ्याबरोबर आनंद करतो. ठेवणे, आठवणे, वाटणे. या अध्यायाचा क्रम धरूनच पुढची उपासना लावली.

जोड्या लावताना मोठा-लहान अशा लावाव्यात. मोठी मुले ७ आणि शिशू ८, म्हणून एका शिशूबरोबर मधल्या वर्गातले मूल दिले. मधल्या वर्गातली उरलेली १० मिळून पाच जोड्या. एकूण १३. शिशू असलेल्या जोडीला ठेवून उठायला २० सेकंद लागतात, बाकीच्यांना १०. सगळे मिळून साडेतीन मिनिटे. तीन कडव्यांचे भजन दोन मिनिटांत संपले आणि शेवटच्या पाच जोड्या मुक्याने चालल्या. पेटीवाल्याला तिथेच सांगितले की शेवटची जोडी बसेपर्यंत पालुपद सोडायचे नाही. पुढची जोडी कधी सोडायची हे मागे उभ्या असलेल्या एकाच माणसाने ठरवावे. दोघांनी ठरवले की मधल्या वाटेत गर्दी होते. आणि पालकांनी मोबाइल घेऊन वाटेत उभे राहू नये, ही सूचना पाळकसाहेबांनी आदल्या रविवारीच द्यावी. त्या दिवशी देऊन उपयोग होत नाही.

लिलावाचे काय करायचे

या प्रकरणात मोठ्यांमध्ये खरा मतभेद इथेच झाला. लिलावातून येणारी रक्कम मंडळीच्या वर्षाच्या खर्चात धरलेली असते, छपराची डागडुजी आणि वीजबिल त्यातून निघते. कमिटीतल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण मुलांच्या बाजूनेही एक गोष्ट ठाम आहे. देवापुढे ठेवलेल्या वस्तूची पाच मिनिटांत बोली लागली की मुलाला तिची किंमत कळते आणि अर्थ हरवतो. ₹१,१०० चा भोपळा आणि मूठभर मटकी एकाच तराजूत येतात.

तोडगा असा निघाला. लिलाव राहील, पण उपासनेबाहेर, जेवणानंतर, पटांगणात. चौरंगावर आलेले काहीही त्यात जाणार नाही. ते त्याच दिवशी खाल्ले किंवा वाटले जाईल. याला बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या ७ व्या अध्यायात सरळ आधार आहे: उपकारस्तुतीच्या यज्ञाचे मांस अर्पणाच्या दिवशीच खायचे, सकाळपर्यंत काही उरू द्यायचे नाही. एका कुटुंबाला ते संपणारच नाही, म्हणून बोलवावे लागते.

व्यवहारात एक अडचण आली. मटकी, हरभरा, चवळी भिजवल्याशिवाय लवकर शिजत नाही, आठ-दहा तास भिजवलेली बरी. उपासनेत ठेवलेले कडधान्य दुपारच्या पातेल्यात घालून जमत नाही. म्हणून वाटणी केली. तांदूळ, मूगडाळ, तूरडाळ, भाज्या, लिंबू, कोथिंबीर थेट खिचडीत. १२० माणसांना ८ किलो तांदूळ आणि ३ किलो डाळ मंडळीने आधी काढून ठेवली होती आणि आधण चढवलेले होते. मुलांच्या थैल्यांतले त्यात पडले. दाणे बघायला पाच-सहा मुले पातेल्याभोवती उभी होती. विस्तवापासून त्यांना हातभर लांब ठेवायला एक माणूस लागतो, हे धरून ठेवावे. कडधान्य आणि बाजरीचा शिधा बांधला: चार शिधे, चार घरे. दुपारी तीनला मोठ्या वर्गातली मुले दादांबरोबर देऊन आली. मटकीच्या मुलीलाही बरोबर नेले, कारण यंदाही तिने मटकीच आणली होती. तिची थैली कुठल्या घराच्या चुलीपाशी ठेवली गेली, हे तिने पाहिले.

जेवायला पहिल्या तासाच्या साखळीतली माणसे बोलावली होती, गिरणीवाला आणि खुडणीला जाणाऱ्या तिघी. जेवणाचे आमंत्रण, बाकी काही नाही. त्यांना उपासनेत बसवून पुढे उभे करणे, भाषण करणे हे टाळले. आमंत्रण मुलांनी जाऊन दिले.

कोकणपट्टीतल्या कॅथलिक मंडळ्यांत या सणाची लोकांच्या हातची परंपरा अजून जिवंत आहे. मुंबई-वसईकडचे ईस्ट इंडियन लोक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा करतात, गोव्यात राय गावी ५ ऑगस्टला नव्या कणसांचे फेस्त होते. कणसे मिरवत आणून त्यांच्यावर आशीर्वाद मागितला जातो. मुलांना दाखवायला याहून सोपे काही नाही, कारण तिथे वस्तूच बोलते.

उपासनेत प्रत्यक्ष

मोठ्या वर्गाने प्रार्थना लिहिली. सांगाडा दिला होता: हाक, देवाने काय केले त्याची आठवण, धन्यवाद, विनंती, प्रभूच्या नावाने शेवट. साठेक शब्दांपेक्षा लांब नको. ती अशी झाली:

'हे देवबापा, तू बियाला कोंब दिलास आणि कोंबाला पाऊस. यंदा कुणाच्या घरी पोती आली, कुणाच्या घरी आली नाहीत, हे तुला माहीत आहे. बाजरीसाठी, गिरणीसाठी, भाकरी थापणाऱ्या हातांसाठी आम्ही तुझी उपकारस्तुती करतो. ज्यांचा कांदा पाण्यात गेला त्यांच्याजवळ राहा. आमच्या थैल्यांतलं कुणाच्या तरी पोटात जाऊ दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.'

कांद्याचे वाक्य त्याच मुलाने घातले होते. प्रार्थना वाचायला मात्र तो आला नाही आणि त्याला कुणी आग्रह केला नाही.

त्या रविवारी प्रभुभोजनही होते. अर्पणे ठेवून झाल्यावर पाळकसाहेबांनी भाकर हातात घेतली तेव्हा मोठ्या वर्गाला आधी सांगून ठेवलेल्या चार क्रिया बघायच्या होत्या: घेतली, उपकारस्तुती केली, मोडली, दिली. प्रभुभोजनाला युखारिस्तही म्हणतात. हा शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थच उपकारस्तुती. ज्या रात्री धरून दिला गेला त्या रात्री प्रभूने भाकर घेऊन आभार मानले, हे अकरा वर्षांच्या मुलाला एकदा सांगितले की 'सर्व स्थितीत' म्हणजे काय याचे वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

चुकले तेही नोंदवून ठेवावे. स्तोत्र १३६ ची २६ वचने आणि मुलेही २६, म्हणून प्रत्येकाची एक ओळ घ्यायचा मोह आवरला नाही. माइकपर्यंत येण्या-जाण्यात एका ओळीला पंधरा सेकंद गेले, सगळे मिळून साडेसहा मिनिटे. पंधराव्या ओळीपासून मंडळीचे पालुपद विरत गेले. १२ ओळी निवडून, मुलांना जागेवरूनच म्हणायला लावले असते तर टाळाचा ठेका टिकला असता. शिशुवर्गातल्या एकाने थैली ठेवलीच नाही, घट्ट धरून परत जागेवर आला. ताईंनी ती काढून घेतली नाही. दुसऱ्या जोडीतल्या मोठ्या मुलाने लहानाला ओढतच नेले, त्याला सरावात 'त्याच्या पावलाने चाल' हे सांगायचे राहून गेले होते. आणि हेही: जेवणानंतरच्या लिलावात यंदा बोली कमी लागली. तूट कमिटीला वेगळ्या वर्गणीतून भरावी लागली. पुढच्या वर्षी लिलावाची वेळ आधी जाहीर केली तर फरक पडेल, असा कमिटीचा अंदाज आहे.

सणानंतरचे तीन रविवार वर्गाची सुरुवात एकाच प्रश्नाने झाली: या आठवड्यात कुणाच्या हातचे खाल्ले? पहिल्या रविवारी चार हात वर झाले, तिसऱ्या रविवारी मुले एकमेकांना अडवून सांगत होती. चौरंग कोठीच्या खोलीत परत नेलेला नाही. तो मेजापुढेच असतो आणि दर रविवारी मुलांचे अर्पण त्यावर येते. ज्या मुलाने थैली परत नेली होती तो आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतल्या, दुसऱ्या रविवारी ती घेऊन आला. आत त्याच शेंगदाण्यांपैकी निम्मे होते, बाकीचे वाटेत खाल्लेले. गुडघे टेकून त्याने थैली ठेवली आणि ताईंना विचारले, नाडी सोडायची की बांधलेलीच ठेवायची.